खुडूक

साहमला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत,
शम्साबाईंच्या घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहतो.
मागे अंगण. इथे त्याला होश म्हणतात.
होशात सिद्राचं झाड, म्हणजे आपली बोरच,
काटे तेच, नाव तेवढं बदललेलं.
परशुरामचा मीही इथे बरशूराम झालो.

बावन्नाव्या वर्षी तीन तलंगा घेतल्या
शुक्रवारच्या बाजारात, घासाघीस न करता.
(आईला कळलं असतं तर.)
विकणाऱ्याने पाय बांधून दिल्या.
गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं
आणि वाटभर आरशात बघत आलो,
डोळे मिटत नाहीत ना.

चौतीस वर्षं कोंबडी म्हणजे
ब्राझीलहून आलेली, गार, बिनडोक्याची,
पिशवीवर तारीख छापलेली.
हात विसरले असतील असं वाटलं होतं.
पंखांखालून बोटं सरकवली,
ते गरम, हाडकुळं, धडधडणारं,
आणि हातांनी मला न विचारताच ठरवलं
कुठे घट्ट धरायचं, कुठे नाही.

ऑगस्टात अठ्ठेचाळीस.
चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून
उभ्या राहतात, काखेत कुणी थर्मामीटर लावल्यासारख्या.
मी पाण्यात बर्फ टाकतो, कलिंगडाच्या साली टाकतो.
एसीचं पाणी ठिबकून ओली झालेली वीतभर जागा
त्यांनी पहिल्याच दिवशी उकरून आपली केली.
प्लांटवर आम्ही अख्खा समुद्र गोड करत असतो.
त्यांना ती वीत पुरते.

शम्साबाई वाळवलेल्या तारल्या देतात, ओंजळभर.
मग अंड्याला वास येतो.
हेमांगीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, शी.
मळेवाडला आमच्या कोंबड्या सुकटाची डोकी खायच्या,
अंडी अशीच वासाची.
इतकी वर्षं इथली बिनवासाची अंडी खाताना
मला वाटायचं, माझंच नाक गेलं.

आईच्या अकरा होत्या.
माझा व्हिसा आला त्या आठवड्यात
ती डालगं डोक्यावर घेऊन बाजाराला गेली
आणि येताना बॅग घेऊन आली.
निळी, कडक, दोन कुलपांची.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
त्या रात्री खुराड्याचं दार लावायला
कुणी उठलं नाही, एवढंच.

नोव्हेंबरात तांबडी खुडूक झाली.
मी खोका केला होता, भुसा पसरून, सुबक.
तिने त्यात एकदा मान घालून बघितलं
आणि जिन्याखाली गेली,
जिथे ती निळी बॅग आडवी पडलेली असते,
झाकण निखळलेली.
आत फिरून, गोल होऊन, बसली ती बसलीच.

शम्साबाईंनी दिराकडून नऊ अंडी आणली.
त्यांच्याकडे कोंबडा आहे, आणि शेजारी तक्रार करणारे नाहीत.
किती दिवस, मी विचारलं, ठाऊक असून.
वाहिद व इश्रीन, त्या म्हणाल्या. एक आणि वीस.
एकवीस, मी म्हणालो.
मग दोघंही जरा थबकलो.
त्यांच्याकडेही एक आधी, वीस मागून.

रात्रपाळीहून आलो की मोबाइलच्या उजेडात अंडं धरायचो.
सहांत शिरा दिसल्या, कोळिष्टकासारख्या.
तीन नुसतीच पिवळी. ती काढली,
तर तांबडीने मोजल्यासारखं बघितलं.

विसाव्या रात्री हेमांगीचा फोन.
पुढच्या महिन्यात कायमचे येताय ना,
सामान कशात आणणार?
सासूबाईंनी दिलेली ती बॅग आहे ना अजून?
आहे, म्हटलं. वापरात आहे.
ती हसली. मी जिन्याखाली वाकून कान नेला.
तांबडीने मनगटावर चोच हाणली,
आणि तिच्या पोटाखाली
कुणीतरी आतून टोचत होतं.
एकदा.
मग बराच वेळ काहीच नाही.
हॅलो, हॅलो, हेमांगी म्हणत होती.
थांब, म्हटलं. जरा थांब.