रिकामी पट्टी

बारा गच्च्या मागून घेतल्या आम्ही.
कोथरूडला दाबकांची, टाकीशेजारचा कोपरा,
बोपखेलला इद्रिसच्या मामांची,
धायरीत एका पापडवाल्यांची, जिथे
डबीवर पापड वाळत घालू नका
एवढंच रखमामावशींना दोनदा सांगावं लागलं.

प्रत्येक गच्चीवर एक डबी, वीतभर अँटेना.
काम एकच : बोलायच्या आधी ऐकणं.
पुण्यात हे करायला शेवटी यंत्रच लागलं,
असं इद्रिस म्हणतो.

हवा विकलेली असते, पट्ट्यापट्ट्यांनी, लिलावात.
सातबारा नसलेली जमीन.
मालक असतात तिला, पण सदा घरी नसतात.
तोवर आपण ओसरीवर टेकायचं
आणि त्यांची चाहूल लागताच
पाणीसुद्धा न मागता उठायचं.
माझा सगळा प्रबंध एवढाच,
उरलेली दोनशे पानं गणित.

एकटी डबी भाबडी असते.
वेताळ टेकडीच्या आडोशाला बसलेलीला
पलीकडचं काही ऐकू येत नाही,
आणि ऐकू आलं नाही म्हणजे तिथे कुणी नाही
असं तिला मनापासून वाटतं.
म्हणून बारा जणी.
आपापल्या गच्चीवर मोजायचं, वर्ग करायचे, बेरीज करायची,
आणि पाषाणच्या खोलीत माझ्याकडे
एकच शब्द धाडायचा.
आहे. नाही.
जिकडे जास्त, तिकडे निकाल.

मार्चमधला शनिवार, सहा चाळीस.
अकरा म्हणाल्या, नाही.
धायरी म्हणाली, आहे.
अगदी पुसट, गोंगाटाच्या रेषेहून केसभर वर.
पापडाचं मशीन असेल, मी म्हणाले.
अकराला एक.
आम्ही बोललो. चार सेकंदांची चाचणी,
वडगावच्या मनोऱ्यावरून.

सोमवारी धायरीची डबी तपासायला गेले.
रखमामावशी चहा गाळताना सांगत होत्या :
शनिवारी शाळेत तासगावकर बाईंचा निरोप होता,
चौतीस वर्षं झाली त्यांना.
हातात बिनवायरचा माईक.
पहिल्या वर्षीच्या पहिलीतल्या एका मुलीचं
नाव घ्यायला लागल्या आणि नुसती खरखर.
लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.
टाळ्या पडल्या.
बाई पुढे वेगळंच बोलल्या.

कुणाचं नाव होतं?
माझं असेल, म्हणाल्या. नाहीतर यमुनेचं.
आम्ही एकाच बाकावर बसायचो.
आणि साखर जास्त झाली का, ते विचारलं.

त्या रात्री नियम बदलला.
आता एकीने जरी म्हटलं आहे, तरी आहे.
आमचं बोलणं निम्म्यावर आलं.
समितीने आलेखावर बोट ठेवून विचारलं,
क्षमता एवढी का घसरली?
मी म्हणाले, संदर्भ चौथ्या प्रकरणात आहे.
चौथ्या प्रकरणात तो चहा नाही.

आज पुन्हा शनिवार.
पडद्यावर नाही, नाही, नाही उतरतायत,
अकरा झाल्या, पट्टी मोकळी दिसते.
इद्रिस विचारतो, सोडायचं का?
थांब, म्हणते मी.
धायरीचं अजून आलं नाही.