एक पॉइंट चार

पुंता अरेनासच्या करमाफी बाजारात
तीन स्प्रे गन टांगल्यात,
खाटकाकडे कोंबड्या टांगतात तशा, माना खाली.
जर्मन गनची किंमत माझ्या लाडाहून जास्त.
लाडा म्हणजे गाडी, एकोणनव्वदची, रशियन,
बाबांनी वीस वर्षं टॅक्सी म्हणून पिळलेली.
दुसरी गन स्वतःला इटालियन म्हणवते,
खोक्याच्या तळाशी खरं जन्मगाव, मुंगीएवढ्या अक्षरांत.
तिसरी चौदा हजार पेसोंची. तिला नावच नाही.
"नोझल एक पॉइंट चारचं," दुकानदार म्हणतो,
रक्तगट सांगावा तसा.

मी जर्मन हातात घेतली. घ्यायला नको होती.
खटका दोन टप्प्यांत दबतो,
आधी नुसती हवा, मग रंग,
शहाणा माणूस बोलण्याआधी श्वास घेतो तसा.
खिशात चाळीस हजार.
परत टांगताना आकड्याचा आवाज जरा मोठाच झाला.

ओविदियो मान्सिया बरोबर होता.
चौतीस वर्षं गोदीत बोटी रंगवलेला शेजारी.
त्यानं गनकडे पाहिलंसुद्धा नाही.
"काँप्रेसर केवढा आहे, यास्ना?"
चोवीस लिटरचा. मेव्हण्याचा. टायरात हवा भरायचा.
"मग ही जर्मन बाई तुझ्याकडे उपाशी मरेल.
गन रंग नंतर खाते, आधी हवा खाते.
तुझा काँप्रेसर दोन घास भरवेल
आणि धापा टाकत बसेल.
बिननावाची घे. एक दार मार. थांब.
टाकी भरू दे. मग दुसरं.
तुला कुठं बोट पाण्यात सोडायचीय?"

मग हवेतलं पाणी अडवायचा काचेचा पेला,
थिनर, गाळण्या, चारशे नंबरचा पॉलिशपेपर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मास्क राहू दे म्हटलं,
नाकाला रुमाल बांधीन.

ओविदियो काही बोलला नाही.
दुकानदाराचा उघडा थिनरचा डबा उचलून
माझ्या नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं.
मग स्वतःच्या नाकाशी धरून
त्यानं लांब श्वास ओढला, विहिरीचं पाणी प्यावं तसा.
"काही नाही. अठ्ठ्याण्णवपासून काही नाही.
घरात गॅस सुटला की मांजर पळतं,
मी मांजराच्या मागे."
आणि हसला. दुकानदार हसला नाही.

मास्क एकोणीस हजारांचा निघाला.
गनपेक्षा महाग.
मी मुकाट्यानं पैसे मोजले.

आता वाऱ्याचं.
जानेवारीत रंग वाळतो, पण वारा
सामुद्रधुनीवरची सगळी रेती ओल्या बॉनेटवर आणून टाकतो.
जुलैत वारा झोपतो,
तेव्हा रंगही गारठून झोपतो, वाळायचं नावच घेत नाही.
मध्ये मार्चचा एक आठवडा मिळतो,
तोही मिळाला तर.

तो मिळाला. पत्र्याच्या शेडमध्ये जमीन ओली केली,
फटींत जुने टॉवेल कोंबले.
घासताना काळ्याखालून टपाचा पिवळा वर आला,
टॅक्सीचा पिवळा,
आणि मी क्षणभर पॉलिशपेपर खाली ठेवला.
मग पुन्हा उचलला.

आधी जुन्या फ्रिजच्या दारावर हात बसवला.
हिरवा ओघळला. दुसऱ्यांदा संत्र्याच्या सालीसारखा बसला.
"जवळ जा," उलट्या बादलीवरून ओविदियो म्हणाला,
तोंडावर त्याचा जुना मास्क, कुणास ठाऊक कशासाठी.
"आणि मनगट वळवू नकोस. सगळी तूच सरक."

टपावर रंगाचा पहिला हात बसला तेव्हा
मला कसलाच वास आला नाही.
शेडमध्ये आम्ही दोघं, एवढा रंग, आणि वास शून्य.
काँप्रेसर दमून थांबला.
सुई चढेपर्यंत बाहेर पत्रा वाजत होता.
"कसा दिसतोय?" मी मास्कमधून विचारलं.
त्याला ऐकू गेलं नसावं.
तो डोकं तिरकं करून
दिव्याचं प्रतिबिंब टपावर कुठं मोडतं ते पाहत होता.

सुई चढली.
उजवं मागचं दार राहिलंय.