ऑर्डरची वही

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर नऊ.
येमूलअण्णांच्या टेबलावर लाल कापडात बांधलेली वही.
पेपरातून बातमी उतरली
की हिच्यात चढते.

किल्लारी हललं तेव्हा वही नवी होती.
सहा ओळी. अक्षर अण्णांच्या वडलांचं, तेलुगूत.
मग भूज, अर्धं पान.
मग समुद्र आत आला, तिथं शाई फुटलीय.
आता महिन्याला पान संपतं:
पूर, पूर, वादळ, पूर,
आणि एक देश, ज्याचं नाव अण्णांना लिहिता येईना,
म्हणून नुसतं बंदर लिहिलंय.

चादरीवरचा मोर कधीच उडाला.
मदतीच्या चादरीला मोर लागत नाही.
राखाडी, बिनकाठाची,
दर टेंडरला थोडी हलकी.
मी घडी घालते. गठ्ठ्यात पंचवीस.
घालता घालता हाताला कळतं,
हिच्यात माणूस किती मावेल.

श्रावणी, माझी धाकटी, कॉलेजात आहे.
तिनं मोबाइलवर आलेख दाखवला.
एक रेघ खाली येते, एक वर जाते.
"अम्मा, माणसं मरायची कमी झालीत.
इशारा वेळेत मिळतो, लोकांना आधीच हलवतात.
घरं मात्र जातात. ही वरची रेघ त्यांची."
मी म्हटलं, बरोबरच आहे की.
मेलेल्याला कापड एकदाच लागतं.
वाचलेल्याला थंडी रोज रात्री वाजते.

मग मे लागला.
पत्र्याखाली पंचेचाळीस.
कोरडा दोरा टकाटक तुटायला लागला,
माठ दहा वाजताच तळाला.
तीनच्या सुमाराला बालराज चिट्याल
कांड्यांच्या टोपलीवर असा टेकला
की आम्हाला वाटलं, डुलकी.

सिव्हिलच्या कागदावर: हृदयक्रिया बंद.
ऊन हा शब्द त्यात नाही.

श्रावणीला विचारलं, बालराज कुठल्या रेघेत गं?
तिनं मोबाइल आडवा धरला,
दोन बोटांनी आलेख मोठा केला,
आणखी मोठा,
इतका, की रेघेचे ठिपके झाले
आणि ठिपक्यांच्या मधे
नुसतं पांढरं.

उन्हाची ऑर्डर कुणी देत नाही.
चादरीनं ते जातही नाही.
पण त्याला रिक्षात घालताना
कुणीतरी गठ्ठा सोडला, एक ओढली,
त्याच्या अंगावर टाकली.

तो गठ्ठा चोवीसचाच गेला.
तिकडं कुणी मोजलं,
तर मोजू दे.