बुडाखालचा मजकूर

बत्तीस वर्षं मी लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या,
पण दह्याचा डबा उपडा करून कधी वाचला नाही.

कुडचड्याला, पालिकेच्या शेडमध्ये,
शेवंतीबाय वेळीपने माझी पिशवी उलटी केली.
"पोंदा पळयात, मास्तर, पोंदा."
बुडाशी बघा.
मी चष्मा कपाळावर सारला.
तीन बाण, एकमेकांची शेपटी धरून,
मध्ये आकडा, सहा पॉइंटाहून बारीक,
शाई नाही, नुसता उठाव.
असली प्रत माझ्या टेबलावर आली असती
तर मी तशीच खाली छापखान्यात परत धाडली असती.

बाण गोल फिरतात, म्हणजे वस्तू फिरून येते,
असं मी धरून चाललो होतो.
"ना," ती म्हणाली. "तें ताचें नांव.
नांव आसलें म्हूण कोण घरांत घेता?"

मग ती वाचू लागली. डोळ्यांनी नाही.
पाण्याची बाटली मुठीत चुरडली: कुरकुरली. एक.
फिनेलचा कॅन अंगठ्याने दाबला,
मुका, मेणचट. दोन.
दुधाची पिशवी ताणली, ती लांबत गेली,
फाटायचं काही मनावर घेईना. चार.
आगळाच्या बाटलीचा आकडा
आमच्या घरात काथ्याने घासून घासून झिजलेला;
तिने बुडावर नखाने टिचकी मारली,
बूच पिळून वेगळं काढलं,
बाटली एका ढिगात, बूच दुसऱ्या.
एका बाटलीत दोन कुळं नांदत होती
आणि मला पत्ता नव्हता.

तिसरीत शाळा सुटली तिची.
तिच्या एकाही उत्तरापुढे
मला समासात फुली मारता आली नाही.

शेवटी चवथीचं मखर निघालं, थर्माकोलचं.
मीच कोरलेलं, ब्लेडने,
'श्री'ची वेलांटी घेऊन दोन रात्री बसलो होतो.
तिने कोपरा मोडला. टक्.
पांढरे दाणे तिच्या घामेजल्या दंडाला चिकटले.
"स," ती म्हणाली. सहा.
आणि कुठल्याच ढिगात न टाकता
मखर माझ्या हातात परत दिलं.

स्कूटरच्या पुढ्यात 'श्री' उभा धरून घरी आलो.
माळ्यावर गेल्या वर्षीचं होतंच,
त्याच्या आधीचंही.
त्यांना जरा सरकवून हे ठेवलं.

शुद्धलेखनाची चूक
तिन्हींत एकही नाही.