मठार

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात.
माझे त्यानेच टोचले होते, बाराव्या दिवशी,
तरी छत्तिसाव्या वर्षी डावी पाळी ओघळली
आणि झुमक्याने खाली आपली वाट काढली.
दोन टाके घालून डॉक्टर म्हणाले,
आता जड काही नको.

जड नाही असं दागिन्यात काय असतं?

सिन्नरच्या अलीकडे, कापलेल्या शेतात
भिवराबाईंची मेंढरं बसवली होती.
कोकरांचं जावळ नुकतंच उतरवलेलं.
“न्या की पिशवीभर,
यापारी आताशा फिरकत न्हाई.”
पैसे दिले तर हसल्या,
अर्धेच घेतले.

घरी आणलं ते लेंड्या, कुसळं, गोखरूसकट.
रिठ्याच्या पाण्यातून तीनदा काढलं
आणि इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर
ओल्या मेंढीचा असा वास सुटला
की लोखंडेकाकू दार वाजवून म्हणाल्या,
“पाळलीय का?”

कांद्याच्या टरफलांचा रंग चढतो, पितळेसारखा.
डाळिंबाच्या सालीचा चढतो.
द्राक्षांचा टिकत नाही,
हे नाशिकच्याच बाईने सांगितलेलं बरं.

सुईला अंगभर उलटे काटे असतात,
डोळ्याला न दिसणारे, बोटाला लगेच कळणारे.
आत जाताना ती दोन-चार केस ओढून नेते,
येताना रिकामी येते.
एवढाच सगळा कारभार.
स्पंजावर लोकरीचा बोळा,
टोच, फिरव, टोच.
हजार-बाराशे वेळा टोचल्यावर
हरभऱ्याएवढा मणी होतो.
माझा कान एकदाच टोचला होता
तर म्हणे मी अख्खी आळी डोक्यावर घेतली.

बापू समोर बसून बघत असतात.
तांबट आळीत बेचाळीस वर्षं हंडे मठारले,
दोन्ही कान त्या ठोक्यांना देऊन टाकले.
आता त्यांच्याशी बोलायचं ते हातवाऱ्यांनी,
नाहीतर पाटीवर.
पहिला मणी मी त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी तो अंगठ्याखाली दाबला,
नख रोवून पाहिलं,
हात वर-खाली करून वजन शोधलं. सापडलं नाही.
किलोवर भांडी विकलेला माणूस,
बराच वेळ हात तसाच धरून बसला.

मग म्हणाले, नेहमीप्रमाणे फार मोठ्याने,
“पोकळ आहे. अजून मठार पाहिजे.”

मी पाटीवर लिहिलं : लोकर आहे, तांबं नव्हे.
त्यांनी वाचलं, पुसलं.
“मऊ असतं तेच ठोकायचं असतं.
कडक झालेलं काय ठोकणार?”

तेव्हापासून मणी आधी त्यांच्याकडे जातो.
अंगठा सांगतो, इथे कच्चा, इथे.
चुकतो क्वचित.
एकदा सुई हातात घेतली आणि बोटात घातली,
मणी लाल होता, कुणाला कळलं नाही,
मला कळलं, मी तो वेगळा ठेवला.

डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनात
बचत गटाच्या टेबलाचा एक कोपरा माझा.
उजवीकडे नाचणीचे पापड, डावीकडे अगरबत्त्या,
मधे माझे कानातले आणि त्यांना येणारा चंदनाचा वास.
“एवढ्याशा लोकरीचे दोनशे?”
“पाण्यात चालतील?”
“खाज येते का हो?”
संध्याकाळपर्यंत गेले तीन जोड.

चौथा एका मुलीने घातला, कॉलेजची असेल.
मान इकडून तिकडे जोरात हलवली,
पुन्हा हलवली.
“वाजत नाहीत?”
नाही, म्हटलं.
“घातलेत तेही कळत नाही,” ती म्हणाली,
तक्रार की कौतुक, कोण जाणे,
आणि काढून ठेवले.

घरी पोचले तर बापू जागे.
राहिलेले जोड मी पलंगावर ओतले.
त्यांनी तिने ठेवलेलाच उचलला
(कसा, ते मला विचारू नका)
आणि आपल्या कानाजवळ नेला,
हंडा पारखताना धरायचे तसा,
नखाने एक टिचकी मारली.

मी पाटी शोधत होते.
ते म्हणाले, “राहू दे. हा झालाय.”