फॉर आणि फ्रॉम

मंगळवारी सहाला, ॲबर्डीनमध्ये,
चर्चच्या मागच्या खोलीत मी इंग्रजी शिकवते.
व्याकरण मला येत नाही.
मासळी बाजारात एकतीस वर्षं पावत्या फाडल्या,
तेवढ्यावर चाललंय.

झिव्को म्हणाला, आय पेड द फिश.
म्हणजे पैसे तू माशाला दिलेस, मी म्हटलं.
माशाचे द्यायचे तर मध्ये फॉर लागतो.
दुकानदाराला द्यायचे तर काही लागत नाही,
हात पुढे केला की झालं.
झिव्कोनं वहीत मासा काढला,
कल्ल्यात पाच पौंडांची नोट.

स्पेंड म्हटलं की ऑन. का, ते विचारू नका.
पैसा कशावर तरीच उडतो, म्हणून असेल.

अब्रेहेत शेवटच्या खुर्चीत, कोट न काढता,
हीटर तिच्याच पायाशी, तरी.
वाक्य आधी ओठांत जुळवून ती उभी राहिली:
आय बॉट धिस कोट फ्रॉम माय सन.

फॉर, मी म्हटलं. मुलासाठी.
नो, ती म्हणाली. फ्रॉम.
मी फळ्यावर दोन बाण काढले,
एक मुलाकडे जाणारा, एक मुलाकडून येणारा.
तिनं येऊन दुसऱ्यावर बोट ठेवलं,
बाण थोडा पुसला गेला.

फिलमोन, सतरा वर्षांचा,
शनिवारी जुन्या कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.
आई रांगेत उभी राहिली.
त्यानं तिला मॅडम म्हटलं,
अकरा पौंड घेतले, एक पेनी सोडली नाही.
पावती तिच्या खिशातच होती.
खाली छापलेलं: यू वेअर सर्व्ड बाय फिलमोन.
हा बाय विकत घेण्यातला नव्हे,
हे सांगायचं राहून गेलं.

मग कॉस्ट.
इट कॉस्ट मी इलेव्हन पाउंड्स.
याला मागेपुढे काही लागत नाही,
आणि भूतकाळातही ते कॉस्टच राहतं.
काल? तिनं विचारलं.
कॉस्ट.
सहा वर्षांपूर्वी, बोटीचे?
कॉस्ट.
तिनं ते वहीत एकदाच लिहिलं
आणि झाकण लावलं पेनाला.

सात वाजले. गाणाऱ्यांना खोली हवी होती.
खुर्च्या रचताना मला दिसलं,
कोटाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं.
फिलमोन, ती म्हणाली, रात्री घरी, सुईनं.
फॉर फ्री.
तिथं फॉर चालतो की नाही
मलाच नक्की माहीत नाही.
मी काही बोलले नाही.