तीन नंबरचा खांब

येरळेवरच्या पुलाला बावीस पेट्या लावल्या,
साबणाच्या वडीएवढ्या.
तार कुठेच नाही.
एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला,
नळावर बातमी पसरते तसं,
आणि शेवटी दूध डेअरीच्या गच्चीवरून
माझ्या फोनवर.

दोरी धरायला इराप्पा वडर.
बांधकाम खात्यात हयात गेली,
हातोडीनं ठोकून, कान लावून
पुलाची तब्येत सांगायचा.
पहिल्या दिवशी पेटी हातात घेऊन म्हणाला,
"हिला काय काय ऐकू येतंय?"
सगळं. एसटी, उसाच्या जोडट्रॉल्या,
दुपारच्या उन्हानं फुगणारा सांधा.
"आनि आमी बोलतो त्ये?"
ते नाही.
"मग बरं हाय."

डिसेंबरात चौदा नंबर मुकी झाली.
शिडीवर चढले तर कुंभारणीनं
अँटेनावर मातीचं घर बांधलेलं, ओलं अजून.
इराप्पानं खरवडू दिलं नाही.
नोंदवहीत मी कारणाच्या रकान्यात
'कुंभारीण' लिहिलं.
पुण्याहून साहेबांचा फोन: कोण ही बाई?

प्रत्येक पुलाचा आपला एक झोका असतो.
रात्री रहदारी थांबली की तो नीट दिसतो,
नाडीसारखा.
तीन नंबरच्या खांबाचा झोका
फेब्रुवारीपासून मंदावत चालला होता.
एवढासाच. दशांशचिन्हानंतर दुसऱ्या घरात.
ऊस वरून जातो, रेघ उठते, बसते.
हे खालून येत होतं,
दोन ते चार, रोज,
आठवडी बाजाराची रात्र सोडून.

उजाडता उजाडता पात्रात उतरलो.
खांबाच्या पायाशी कमरेएवढा खड्डा,
वाळू गेलेली,
आणि पायाचे दगड उघडे,
हिरडी सुटलेल्या दातासारखे.
भोवती ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे.
एका ठशात दर हातभर अंतरावर
ठिगळाची चौकट.

इराप्पा त्या चौकटीपाशी उकिडवा बसला.
बोटानं तिची कड चाचपली.
बराच वेळ नदीत फक्त टिटवी बोलत होती.
"ह्ये ठिगळ मीच लावून आणलंय,"
तो म्हणाला, "दिवाळीत. विट्याला."
मी काही बोलले नाही.
त्याच्या पोराच्या लग्नात मी जेवले होते,
पंगतीत आग्रह करकरून वाढलं होतं त्यानं.

"वही काढा."
काढली.
"कारण लिवा."
पेन उघडून तशीच उभी राहिले.
त्यानं पिशवीतून जुनी हातोडी काढली,
खड्ड्यात उतरला,
खांबाला गाल टेकवला
आणि ठोकलं. थांबला. पुन्हा ठोकलं.
पुन्हा.

फोनवर तीन बारीक रेघा उठल्या,
सहा वाजून चौदा मिनिटं.
नंतर विदा गाळताना
यंत्रानं त्यांना गोंगाट ठरवलं.
मी त्या परत आत घेतल्या.